दोन फोटोंचा एक फोटो होतो, तेव्हा आत नेमकं काय होतं?

ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी किंवा घोडबंदर रोडला राहणाऱ्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर बिबट्याचा फोटो आला, की पाच मिनिटांत दोन तट पडतात. काहींच्या मते फोटो खरा, बाकीच्यांच्या मते 'फोटोशॉप केलेला'. कारण कोणाकडेच नसतं, सगळा अंदाज. ठाण्यात तर हा अंदाज बांधणं आणखी अवघड, कारण बिबट्या इथे खरोखरच येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत समतानगर भागातल्या मॉलच्या सीसीटीव्हीत तो दिसला होता आणि काही तासांनी जवळच्याच एका हॉटेलच्या तळघरातून वन विभागाने त्याला पकडून बाहेर काढलं होतं. म्हणजे 'शहरात बिबट्या कसा येईल' एवढं म्हणून फोटो खोटा ठरत नाही. फोटोकडेच नीट बघावं लागतं.

आणि नीट बघायचं तर दोन फोटो जोडतात कसे, हे ठाऊक असावं लागतं. ही जोडणी आपल्या आजूबाजूला सतत चालू असते. दहीहंडीच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग असते, ती याच पद्धतीने केलेली. नातीच्या लग्नाआधी वारलेल्या आजोबांना लग्नाच्या ग्रुप फोटोत उभं करून ती फ्रेम आजीच्या खोलीत लावतात, तीही याच पद्धतीने. बहुतेकांना वाटतं की यातलं खरं कसब माणूस फोटोतून कापून काढण्यात आहे. कापणं आता सोपं झालंय. दोन फोटोंचा एक होतो तो उजेड जुळला तर, आणि फसतो तोही उजेडापायीच. पुढे जे सांगतो आहे ते सगळं याच गोष्टीभोवती आहे.

## फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता

मोबाइलवरचा फोटो बोटांनी मोठा करत गेलं की शेवटी रंगीत चौकोन दिसू लागतात. हा एकेक चौकोन म्हणजे पिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत असे १ कोटी २० लाख चौकोन असतात आणि प्रत्येकासाठी संगणक सहसा तीन आकडे लिहून ठेवतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ मधला. तिन्ही ० असले तर काळा, तिन्ही २५५ असले तर पांढरा.

आपल्याला त्यात आजोबा दिसतात, संगणकाच्या हाती मात्र हा तक्ताच असतो. त्यामुळे दोन फोटो एक करणं म्हणजे कुठल्या जागी कुठल्या तक्त्यातला आकडा घ्यायचा, हे ठरवणं. कुठे लग्नाच्या फोटोतला, कुठे आजोबांच्या फोटोतला, आणि काही जागी दोन्हींची भेसळ. सगळी गंमत या भेसळीच्या जागांमध्ये आहे.

## लेयर आणि मास्क, एवढे दोनच शब्द लागतात

खाली लग्नाचा फोटो, त्याच्यावर आजोबांचा. असे एकावर एक ठेवलेले फोटो म्हणजे लेयर. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं, पण लेयरची सोय त्यात १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधी वरचा तुकडा एकदा खालच्या फोटोवर बसवला की तो त्यातच मिसळून जायचा. नंतर दोन बोटं डावीकडे सरकवावासा वाटला, तर पुन्हा पहिल्यापासून.

वरच्या लेयरमधले फक्त आजोबा हवेत, त्यांच्यामागचा स्टुडिओचा निळा पडदा नको. त्यासाठी मास्क. मास्क हे रांगोळीच्या छाप्याचं काम करतो: छिद्रं असतील तिथून रंग खाली उतरतो, पत्रा असेल तिथे अडतो, आणि बारीक, विरळ छिद्रं असतील तिथे फिकट रंग पडतो. संगणकातला छापा काळ्या-पांढऱ्या चित्राचा असतो. पांढऱ्या जागी वरचा फोटो पूर्ण दिसतो, काळ्या जागी पूर्ण लपतो, करड्या जागी अर्धवट दिसतो.

अर्धवट म्हणजे किती, याचा हिशेब शाळेतल्या शेकडेवारीचा आहे. समजा एका जागी वरच्या फोटोतला लाल आकडा २०० आहे, खालच्यातला १००, आणि मास्क म्हणतो वरचा ४० टक्के. मग २०० चे ४० टक्के म्हणजे ८०, १०० चे उरलेले ६० टक्के म्हणजे ६०, बेरीज १४०. नव्या फोटोत तिथे १४० लिहायचे. हिरव्याचं आणि निळ्याचं तसंच, आणि पुढच्या पिक्सेलचंही तसंच. लुकासफिल्म या अमेरिकन सिनेमा कंपनीतल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये हा हिशेब नीट सूत्रात मांडला. आजचा सिनेमा, टीव्हीवरच्या बातम्यांची पट्टी, मोबाइलवरचे स्टिकर, सगळं त्यावर चालतं.

करड्या जागा कशाला, सरळ कापून का टाकू नये? आजोबांच्या फोटोत कानावरचे केस चौपट मोठे करून बघा. केस एका पिक्सेलपेक्षा बारीक असतो. तिथल्या पिक्सेलमध्ये थोडा केस आणि थोडा मागचा निळा पडदा, दोन्ही मिसळलेले असतात. सरळ कापलं तर एकतर केस छाटले जातात आणि डोकं टोपी घातल्यासारखं दिसतं, नाहीतर केसांबरोबर निळसर किनार येते. लग्नाच्या हॉलच्या पिवळ्या उजेडात ती किनार लगेच डोळ्यात भरते. करडा मास्क अर्धं काम करतो, पण त्या पिक्सेलमधला निळा रंग तसाच राहतो. तो वेगळा काढावा लागतो. कडेच्या पिक्सेलमधला निळा कमी करून त्या जागी केसांचा किंवा हॉलचा रंग भरावा लागतो. घाईत केलेल्या कामात हीच पायरी गाळलेली असते.

## कापलं छान, तरी चिकटवल्यासारखं का दिसतं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि मलाही तोच सगळ्यांत जवळचा आहे.

आजोबांचा फोटो १९८० च्या आसपास स्टुडिओत काढलेला. दिवा डावीकडून. नाकाची सावली उजव्या गालावर, उजवा कान जवळजवळ अंधारात. लग्नाचा फोटो हॉलमधला, फोटोग्राफरचा फ्लॅश समोरून, वर छताचे पिवळे दिवे. तिथे कोणाच्याही नाकाची सावली बाजूला पडलेली नाही. आता आजोबांना मध्ये उभं केलं, की बघणाऱ्याला चूक बोटाने दाखवता येत नाही, पण 'काहीतरी विचित्र वाटतंय' हे तो नक्की म्हणतो. माणसाचा डोळा आयुष्यभर चेहऱ्यांवरचा उजेड बघत आलेला असतो, त्याला हे शिकवावं लागत नाही.

दिशा जुळत नसेल तर कधी फोटो आडवा उलटवून, म्हणजे डाव्याचं उजवं करून काम होतं. पण मग सदऱ्याची बटणपट्टी उलटी होते, भांग दुसऱ्या बाजूला जातो, गालावरचा तीळ जागा बदलतो. घरच्या माणसांना ते खटकतंच. त्यापेक्षा दुसरा फोटो शोधावा. घरात आजोबांचे चार फोटो असतील तर त्यातला चेहरा 'सर्वांत छान' आलेला घेऊ नका, उजेड जुळणारा घ्या.

दिशेनंतर उजेडाचा कडकपणा. दुपारच्या उन्हात सावलीची कड धारदार असते, ढगाळ दिवशी सावली जेमतेम दिसते. ठाण्याच्या तलावपाळीवर भर उन्हात उभ्या असलेल्या कुटुंबात आभाळ भरलेलं असताना काढलेला भाऊ बसवला, तर तो तिथला वाटणारच नाही.

मग रंग. घरचा पिवळा बल्ब सुमारे २७०० केल्विनचा, पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. केल्विन म्हणजे उजेडाचा पिवळेपणा-निळेपणा मोजायचं माप: आकडा लहान तर पिवळट, मोठा तर निळसर. यात जुन्या रंगीत प्रिंटची आणखी एक अडचण असते. त्यांतला एखादा रंग काळाच्या ओघात आधी उडतो, आणि अख्खा फोटो लालसर किंवा पिवळट होतो. तो आधी स्वतंत्रपणे सुधारायचा आणि मगच हॉलच्या रंगाकडे न्यायचा. दोन्ही एकदम करायला गेलं की चेहरा आजारी दिसतो.

फ्लॅशचा एक नियम फार थोडे लोक पाळतात. फ्लॅशपासूनचं अंतर दुप्पट झालं की पोहोचणारा उजेड एक चतुर्थांश होतो. म्हणून ग्रुप फोटोत पुढची रांग उजळ आणि मागची मंद असते. आजोबांना मागच्या रांगेत उभं करायचं असेल, तर शेजारच्या काकांइतकंच मंद करावं लागतं. आदराने कोणी त्यांना जरा जास्त उजळ ठेवतं आणि तिथेच फोटो फसतो.

पायाखालची सावली तर हमखास विसरली जाते. सावल्या दोन असतात. बुटाच्या तळाशी, जमिनीला टेकतो तिथे, एक अगदी गडद, अरुंद रेघ. आणि दुसरी, उजेडाच्या उलट बाजूला पसरत जाणारी, लांब जाईल तशी मऊ होणारी. पहिली नसली की माणूस तरंगतो.

## अंतराचा घोळ

उजेड जुळला तरी एक गोष्ट कुठल्याही स्लायडरने सुधारत नाही, ती म्हणजे कॅमेरा माणसापासून किती लांब होता. सेल्फीत फोन हातभर अंतरावर असतो. नाक कानांपेक्षा फोनच्या बरंच जवळ असतं, म्हणून ते मोठं येतं आणि कान मागे लपतात. ग्रुप फोटो दहा-बारा फुटांवरून काढलेला असतो, तिथे नाक-कानांतल्या अंतराचा काही परिणाम दिसत नाही. सेल्फीतला चेहरा कितीही लहान करून ग्रुपमध्ये ठेवला, तरी त्याचं नाक तसंच राहतं. कॅमेऱ्याची उंचीही तशीच: एक फोटो छातीच्या उंचीवरून आणि दुसरा खाली बसून काढला असेल, तर दोन माणसं एकाच जमिनीवर उभी वाटत नाहीत. म्हणून परदेशातल्या मुलाला फोटो मागवताना 'सेल्फी पाठव' म्हणू नका. 'कोणाला तरी दहा फुटांवरून, छातीच्या उंचीवरून काढायला सांग, आणि समोर उजेड राहू दे,' असं सांगा.

## 'पण हे तर फोन एका बोटात करतो'

करतो, आणि कापण्यापुरतं चांगलं करतो. आयफोनवर २०२२ पासून फोटोतल्या माणसावर बोट दाबून ठेवलं की तो पार्श्वभूमीतून सुटून येतो, आणि इतर अनेक फोनवरही तशी सोय आहे. फोनला लाखो फोटो दाखवून माणसाची कड कुठे असते हे शिकवलेलं असतं. पण तो मास्क बनवून देतो, आजोबांच्या गालावरची सावली बघत नाही. बाकीच्या कामासाठी फोटोशॉपच हवं असं मुळीच नाही. ते २०१३ पासून दरमहा किंवा दरवर्षी पैसे भरून घ्यावं लागतं. जिम्प हे तशाच कामाचं सॉफ्टवेअर १९९६ पासून सर्वांना फुकट आहे आणि त्यात लेयर, मास्क, रंगांची दुरुस्ती सगळं आहे. फोटोपी तर ब्राउझरमध्येच उघडतं.

## एआयला सांगितलं तर?

'या दोन फोटोंतली माणसं शेजारी उभी कर' एवढं लिहिलं की एआय फोटो करून देतं, उजेडही बराचसा जुळवतं. मग एवढा खटाटोप कशाला?

फरक मोठा आहे. लेयर आणि मास्कच्या कामात आजोबांच्या चेहऱ्याचा प्रत्येक पिक्सेल त्यांच्या मूळ फोटोतून आलेला असतो. उजळ केला असेल, रंग बदलला असेल, पण आकार त्यांचाच. एआय फोटो जोडत नाही, नव्याने रंगवतं. दोन्ही फोटो बघून 'असा चेहरा असावा' असं चित्र तयार करतं. धूसर जुन्या फोटोत डोळ्याच्या जागी पंधरा-वीस पिक्सेलच असतील, तर उरलेला डोळा ते कुठून आणणार? शिकताना पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून. पापण्या स्वच्छ येतात, त्वचा नितळ येते, दातांची रांग सरळ होते. परका माणूस म्हणतो, वा! आजी मात्र फोटो हातात घेऊन म्हणते, 'हे त्यांच्यासारखे दिसतात, पण हे ते नाहीत.' तिचं बरोबर असतं. आजोबांचा पुढचा दात किंचित आडवा होता, आणि तो आडवा दात पुसून टाकलेला असतो.

माझं मत ठाम आहे. वारलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर एआयची 'सुधारणा' चालवू नये. ओरखडे काढा, डाग काढा, पडदा बदला, पण चेहऱ्याला नवे पिक्सेल देऊ नका. धूसर राहिला तर धूसर राहू दे.

## ही फसवणूक नाही का?

फोटो जोडणं नवं नाही. ऑस्कर रेलँडर याने इंग्लंडमध्ये १८५७ मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच भव्य चित्र केलं होतं, आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली होती. ते जोडलेलं आहे हे लपवलेलं नव्हतं. उलट २००३ मध्ये इराक युद्धाच्या वेळी लॉस एंजेलिस टाइम्सच्या छायाचित्रकाराने काही क्षणांच्या अंतराने काढलेले दोन फोटो एक केले. एकात सैनिकाची पोझ चांगली होती, दुसऱ्यात मुलाला घेतलेला माणूस. मागे बसलेली काही माणसं त्या फोटोत दोनदा आली, हे लक्षात आलं, आणि त्याची नोकरी गेली. दोन्ही फोटो खरे होते, पण जोडलेला क्षण कधी घडलाच नव्हता. वर्तमानपत्रातला फोटो 'हे असं घडलं' असं सांगत असतो, म्हणून तिथे हे चालत नाही.

दहीहंडीच्या फ्लेक्सवरची चाळीस मुंडकी एका जागी कधी जमली नव्हती हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. आजोबांची फ्रेम घरातल्या सगळ्यांना माहीत असते. तेव्हा मी विचारतो तो प्रश्न एवढाच: बघणाऱ्याने हे घडलं असं धरून चालावं, अशी अपेक्षा आहे का? असेल, तर जोडलेला फोटो नको.

घरच्या फ्रेमबाबत एक काळजी मात्र घ्याच. आज सगळ्यांना माहीत आहे, पण पणतवंडांना माहीत नसेल. फ्रेमच्या मागे पेनाने लिहा: आजोबांचा फोटो अमुक सालचा, लग्न अमुक सालचं, दोन फोटो जोडलेले आहेत.

## मग बिबट्याचं काय?

आता वर सांगितलेलं सगळं गेटसमोरच्या बिबट्याला लावून बघा. पंजांखाली गडद रेघ आहे का? शेजारच्या स्कूटरची सावली ज्या बाजूला, त्याच बाजूला बिबट्याची आहे का? रस्त्यावरचे दिवे पिवळे असतील तर अंगावरचा पांढरा भाग पिवळट हवा. उंची बघा: भारतीय बिबट्या खांद्याशी साधारण दोन-सव्वादोन फूट असतो, स्कूटरच्या सीटपेक्षाही खाली. पाठ गाडीच्या बॉनेटवरून दिसत असेल तर मोठी शंका घ्या. गेटच्या गजांमागे तो असेल तर गजांच्या कडा आणि अंगावरचे ठिपके कुठे एकमेकांत घुसलेत का, ते मोठं करून बघा.

यावर कोणी म्हणेल की एआय आता सावल्याही बरोबर टाकतं. टाकतं. शिवाय व्हॉट्सअॅपवरून फिरताना फोटो दाबून लहान होतो, बारीक खुणा पुसल्या जातात, आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंदही गळून पडते. म्हणून फोटोतली चूक सापडली तर तो खोटा, हे धरा. चूक सापडली नाही म्हणून तो खरा, असं धरू नका. तेव्हा फोटोबाहेर विचारायचं. कोणी काढला, कुठल्या गेटवर, वॉचमनने पाहिला का, त्या वेळचं सीसीटीव्ही आहे का? गुगल लेन्सवर, म्हणजे फोटोवरून फोटो शोधायच्या सोयीवर, तोच बिबट्या दुसऱ्या शहराच्या जुन्या बातमीत सापडतो का? आणि खरंच शंका असेल तर फोटो पुढे ढकलण्याआधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

## दुसऱ्याचा फोटो वापरताना

ज्याचा चेहरा वापरायचा त्याला विचारा. कोणाची बदनामी करण्यासाठी खोटा फोटो बनवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खाली गुन्हा आहे, आणि अश्लील फोटोवर चेहरा बसवून तो पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७अ लागतात. कोणाच्या बाबतीत असं झालं असेल तर लाजून तो फोटो पुसून टाकू नका. स्क्रीनशॉट ठेवा, पाठवणाऱ्याचा नंबर ठेवा, १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. चूक फोटोतल्या व्यक्तीची नसते, आणि घरच्यांनी हे तिला पहिल्याच वाक्यात सांगावं.

## स्टुडिओत काम द्यायला जाताना

जुना प्रिंट मोबाइलने टिपून नेऊ नका, मूळ प्रिंट न्या आणि ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल या हिशेबाने, स्कॅन करायला सांगा. निगेटिव्ह सापडली तर त्याहून उत्तम. व्हॉट्सअॅपने पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

फोटो लहान आहे म्हणून निराश होऊ नका. १२ बाय १८ इंचांच्या ग्रुप फोटोत एका माणसाचं डोकं साधारण इंचभर उंच येतं, आणि चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल पुरतात. पासपोर्ट साइज फोटो नीट स्कॅन केला तर त्यातल्या डोक्याला याहून जास्त पिक्सेल मिळतात. त्याच फोटोचा एकट्याचा मोठा फ्रेमचा प्रिंट मात्र मागू नका, तो फुटेल.

काम झाल्यावर जेपेगबरोबर, म्हणजे नेहमीच्या फोटोच्या फाइलबरोबर, लेयर असलेली मूळ फाइलही मागून घ्या: फोटोशॉपची असेल तर पीएसडी, जिम्पची असेल तर एक्ससीएफ. जेपेगमध्ये सगळं एकजीव झालेलं असतं. सहा महिन्यांनी आजी म्हणाली, 'यांना जरा माझ्या बाजूला सरकवा,' तर ते लेयरच्या फाइलमध्ये दोन मिनिटांचं काम आहे.